तवंदी घाटात तोटा कुणाचा?

“मिरचीला कसलं हलाल गं? ती काय कापायची असते होय?” शेजारच्या वहिनी हसल्या. मलाही तसंच वाटलं होतं. संकेश्वरात आम्ही सहा बायका मिळून चटणी-मसाला करतो. दुबईच्या एका दुकानदारानं 400 किलोची ऑर्डर दिली, पण हलाल, म्हणजे इस्लाममध्ये चालणारं, असं प्रमाणपत्र हवं म्हणाला. आणि एवढा माल जुन्या डंकावर निघणार नव्हता. मोठं पल्वरायझर, म्हणजे पूड करायचं मशीन हवं होतं.

बँक कर्ज द्यायला तयार होती, पण इस्लाममध्ये व्याज चालत नाही, म्हणून ते द्यायचं नाही हे घरात ठरलेलं. आपल्याकडं बिनव्याजी बँक नाही. 2008 मध्ये रघुराम राजन समितीनं तशी सोय सुचवली होती, पण 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेनं तो विषय बंद केला. त्यात ‘हलाल गुंतवणूक’ या शब्दाचीच घरी भीती. 2019 ला बेंगळुरूत त्याच नावाखाली पैसे घेणारी एक कंपनी बुडाली, त्यात खालाच्या, म्हणजे मावशीच्या बांगड्या गेल्या. नफा किती मिळेल हे सगळ्यांनी विचारलं होतं. तोटा झाला तर कुणाचा, हे कुणीच विचारलं नव्हतं.

निपाणीचे लांबच्या नात्यातले एक मामू व्यापारी आहेत. ते म्हणाले, “पैसे देत नाही, मशीन विकतो.” याला मुराबहा म्हणतात. कोल्हापुरात मशीन 2,80,000 ला त्यांनी घ्यायचं, खरेदीची किंमत मला दाखवायची, 35,000 नफा उघड सांगायचा आणि 3,15,000 ला मला विकायचं. 17,500 चे 18 हप्ते. हप्ता चुकला तरी किंमत वाढणार नाही. नवरा म्हणाला, “हे व्याजच की, नाव तेवढं बदललंय!” मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर मशीन कोल्हापूरहून येताना तवंदी घाटात मिळालं. टेम्पोनं जोरात ब्रेक मारला, मशीन कलंडलं, मोटारीचं कव्हर फुटलं. मामूंचा फोन आला, “अजून माल माझाच आहे, दुरुस्तीही माझी.” आधी मालकी, मग विक्री, असा नियमच आहे. कर्ज काढून मीच मशीन आणलं असतं तर मशीन मोडलेलं आणि हप्ता मात्र चालू, असं झालं असतं. मामूंकडं जीएसटी नंबर होता म्हणून बिलाचंही अडलं नाही. घरगुती माणसाला हे एवढं सोपं जायचं नाही.

प्रमाणपत्राच्या तपासणीला आलेल्या माणसानं मिरचीकडं नीट पाहिलंसुद्धा नाही. ग्रीस कुठलं? त्यात प्राण्याची चरबी नाही ना? हिंगात काय काय मिसळलंय? मग मिरची कुठं वाळवता ते विचारलं. खाणं नुसतं हलाल असून भागत नाही, तय्यिब म्हणजे स्वच्छ, चांगलंही हवं, आणि ओल्या जमिनीवरच्या मिरचीला बुरशी धरते. आम्ही ताडपत्री वापरत होतो, तिथं वाचलो. देठं जाळत होतो, त्यावर तो काही बोलला नाही. मामू मात्र बोलले, “तो धूर कुणाच्या नाकात जातो?” आता देठं खताच्या खड्ड्यात जातात.

अडलो कुठं, तर ब्रशवर! जाळीतली पूड झाडायला मी रंगाच्या दुकानातून साधा ब्रश आणला होता. तपासणीवाल्यानं त्याचे केस चिमटीत धरून बघितले आणि म्हणाला, “हे डुकराचे आहेत.” दोन वर्षं वापरत होते मी. मशीन धुतलं, नायलॉनचे ब्रश आणले, तो परत येईपर्यंत तीन आठवडे ऑर्डर थांबली. मग प्रमाणपत्र मिळालं, एका वर्षापुरतं.

जुना ब्रश वहिनींनी मागून नेला. दिवाळीआधी त्यांच्या दाराला हिरवा रंग त्यानंच लागला.