नववीचा वर्ग, जनगणना आणि सातबारा

दापोली तालुक्यात, किनाऱ्यालगतच्या एका माध्यमिक शाळेत मी इतिहास आणि भूगोल शिकवते. समाजशास्त्र हा विषय आपल्याकडे अकरावीला, तोही कला शाखेत येतो. आमची बरीचशी मुलं दहावी झाली की आयटीआय, नर्सिंग नाहीतर थेट मुंबई धरतात. ज्या गावात वाढलो ते असं का आहे, हा प्रश्न त्यांच्या वाट्याला येतच नाही. म्हणून नववीतच हे करायचं ठरवलं. कुणाला आपल्या शाळेत करावंसं वाटलं तर उपयोगी पडावं म्हणून हा अनुभव लिहितेय.

सुरुवात व्याख्येने केली नाही. फळ्यावर दोन आकडे लिहिले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात ११२२. असं का? एक मुलगा म्हणाला, "बाई, आपल्याकडे मुली जास्त जन्मतात." मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "पुरुष मुंबईला आहेत." दोन्ही उत्तरं फळ्यावर लिहिली आणि विचारलं, पहिलं खरं असेल तर आणखी काय दिसायला हवं? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग उत्तर आलं, लहान मुलांतही मुलीच जास्त हव्यात. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे आकडे काढले, तर तिथे आपल्या जिल्ह्यातही मुली कमीच. पहिलं उत्तर मुलांनी स्वतःच खोडलं. त्याच जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आलेली दिसली, तेव्हा दुसऱ्या उत्तराला बळ मिळालं. आपल्याला सुचलेलं कारण तपासून बघता येतं, ही गोष्ट त्या तासाला वर्गात रुजली.

मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी सहज मिळाली. खरा वेळ गेला प्रश्नावलीत. "शेती परवडत नाही म्हणून मुंबईला गेलात का?" असा प्रश्न मुलांनी लिहिला होता. तो आधी एकमेकांनाच विचारून बघा म्हटलं. सगळे "हो" म्हणाले, आणि प्रश्नानेच उत्तर तोंडात घातलं हे त्यांच्या ध्यानात आलं. तो बदलून "मुंबईला कधी गेलात, ते कसं ठरलं?" असा केला, तेव्हा गोष्टी निघायला लागल्या. कुणाचे आजोबा गिरणीत होते आणि १९८२ च्या संपानंतर कायमचे गावी आले, कुणी मामाच्या खोलीवर राहायला जागा होती म्हणून गेले. कागदावर कुणाचं नाव लिहायचं नाही आणि नको म्हणेल त्याला पुन्हा विचारायचं नाही, हे दोन नियम आधीच ठरवले होते.

सगळ्यात जास्त शिकवलं ते एका साध्या प्रश्नाने. बायकांना "तुम्ही काय काम करता?" असं विचारलं की घरोघरी एकच उत्तर, "काय नाय, घरीच असते." दोन मुली एका अंगणात गेल्या तेव्हा काकी भात पाखडत होत्या. सूप खाली न ठेवता त्यांनी हेच उत्तर दिलं. मुलींनी रकान्यात "काम नाही" लिहिलं आणि वर्गात येऊन त्याच म्हणाल्या, "बाई, हे खोटं वाटतंय." मग प्रश्न बदलला. "काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत?" आता रकाना पुरेना. पाणी, गुरं, चूल, भात, सासूचं औषध, काजूच्या बागेतली साफसफाई. हर्णै या मासळीच्या बंदरातल्या मुलींना मात्र हा प्रश्न बदलावा लागला नाही. तिथे संध्याकाळच्या लिलावात बायकाच मासळी घेतात, आणि काम काय म्हणून विचारलं की रोखठोक सांगतात. एकाच तालुक्यात हा फरक का, यावर वर्गात जे बोलणं झालं ते मी पाठ्यपुस्तकातून कधीच घडवू शकले नसते. पैसा हातात येतो ते काम आणि येत नाही ते घरचं, हे मुलांनीच शोधलं.

याच सुमारास एक मुलगा घरचा सातबारा घेऊन आला. त्यावर आजोबा, काका, वडील. आजीचं नाव नाही, आत्यांचं नाही. बाकीच्यांनीही घरी जाऊन कागद बघितले, तर बहुतेक ठिकाणी तेच. मग जमीन आजोबांच्या नावावर तरी कशी आली, इथून मागे गेलो. खोतीचं नाव त्यांनी घरी ऐकलेलं होतं, अर्थ ठाऊक नव्हता. खोत म्हणजे सरकारसाठी गावचा सारा वसूल करणारा आणि कुळांकडून, म्हणजे जमीन कसणाऱ्यांकडून, खंड घेणारा वतनदार. अलिबागजवळच्या चरी गावच्या कुळांनी खोतांविरुद्ध संप केला आणि १९३३ ते १९३९ जमिनी कसल्याच नाहीत. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कायदा झाला १९४९ मध्ये, आणि पुढे १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कुळं मालक झाली. हिंदू वारसा कायद्यात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभर २००५ ला मिळाला. फळ्यावर हे एकाखाली एक लिहिल्यावर एका मुलीने विचारलं, "म्हणजे आत्यांचं नाव लागू शकतं?" लागू शकतं. वारस नोंद तलाठ्याकडे होते, आणि १९९२ च्या लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याने अर्ज केला तर हयातीतच बायकोचंही नाव चढतं.

एक काळजी मात्र सतत घ्यावी लागली. गावाचा नकाशा काढला की वाड्यांची नावं येतात, आणि आपल्याकडे वाडीचं नाव म्हणजे बहुधा जात. वर्गात सगळ्या वाड्यांची मुलं शेजारीशेजारी बसलेली असतात. कुणालाही "तू कुठल्या वाडीचा?" असं मी विचारलं नाही. विहीर कुठे आहे, रस्ता कुठपर्यंत डांबरी आहे, पालखी कुठल्या वाटेने जाते, एवढंच नकाशावर दाखवायला सांगितलं. नकाशा पुरा झाल्यावर बोलायचं ते मुलांबद्दल नाही, विहिरींबद्दल आणि रस्त्यांबद्दल. महाडचं चवदार तळं त्याच तासाला शिकवलं. २० मार्च १९२७ ही तारीख मुलांना एरवीही पाठ असते, पण सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा मुंबई कायदे कौन्सिलचा बोले ठराव १९२३ चा आणि तळ्यावर पाणी प्यायला लोक गेले १९२७ ला, मधली चार वर्षं काय झालं, हा प्रश्न या वेळी एका मुलानेच विचारला. जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने २०२० साली घेतला आहे, हे सांगितल्यावर वर्ग दोन बाजूंनी तावातावाने बोलला. मी बोलू दिलं.

शेवटी ग्रामसभेआधीच्या महिला सभेत मुलींनी कामाचे तक्ते मांडले. बायका हसल्या, मग एकमेकींच्या तक्त्यात भर घालायला लागल्या. दोघी-तिघींनी सातबाऱ्याचं विचारलं, आणि एकीच्या नवऱ्याने नंतर तलाठ्याकडे अर्ज दिला. एका घरातून आत्यांच्या हिश्श्यावरून मला रागाने निरोपही आला. त्या घरी जाऊन बसले, कायदा समजावून सांगितला. ते पटलं असं म्हणता येणार नाही.

यंदाच्या नववीने पुढचा विषय स्वतः निवडलाय. एप्रिल-मेमध्ये कुठल्या वाडीला टँकर आधी येतो आणि कुठल्या वाडीला नंतर, याची ते नोंद ठेवणार आहेत. प्रश्नावलीचा पहिला खर्डा तयार आहे. आधी एकमेकांना विचारून बघणार आहोत.