मागच्या बाकावरचे प्रशिक्षण

अमेरिकेतील एका चार्टर शाळेत, म्हणजे सरकारी निधीवर पण स्वतःच्या सनदेखाली स्वायत्तपणे चालणाऱ्या शाळेत, मी आधी पाचवीला गणित शिकवत होते आणि पुढे तिथेच उपमुख्याध्यापक झाले. या काळात प्रशिक्षणाचे, म्हणजे तिकडे सगळे ज्याला नुसते ‘पीडी’ (प्रोफेशनल डेव्हलपमेंट) म्हणतात त्याचे, इतके तास माझ्या नावावर जमा झाले आहेत की त्यांतले बहुतेक आज आठवतही नाहीत. शाळा उघडण्यापूर्वी ऑगस्टमध्ये दिवसभर चालणारी सत्रे, रंगीत स्लाइड्स, टेबलाटेबलावर होणारी गटचर्चा आणि शेवटी भरून द्यायचा अभिप्रायाचा तक्ता, असे त्याचे ठरलेले रूप असे. सत्रे वाईट नसत. वक्तेही बहुधा तयारीने आलेले असत. मात्र सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी फळ्यासमोर उभी असे, तेव्हा त्यातले काहीच हाताशी येत नसे.

हाताशी आले ते एका मंगळवारी. आमच्या शाळेतल्या अनुभवी मार्गदर्शक शिक्षिका वही घेऊन माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसल्या. तीन अष्टमांश मोठे की पाच द्वादशांश, असा प्रश्न मी मुलांना विचारला होता. तास संपल्यावर त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. तिच्यात माझ्या प्रत्येक प्रश्नापुढे एक आकडा होता: प्रश्न संपल्यापासून मी पुन्हा बोलेपर्यंत गेलेले सेकंद. जवळजवळ सगळीकडे एक होता, दोन ठिकाणी शून्य. त्यांनी एकच गोष्ट सांगितली, की उद्या प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजायचे आणि तोवर ओठ मिटून ठेवायचे. शिक्षकाने प्रश्नानंतर थांबण्याचा वेळ हा विषय अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकातच अभ्यासला होता. शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात व विचारपूर्वक होतात, असे त्यांना आढळले होते. हे मी बी.एड.च्या काळात वाचलेही होते. वाचलेले आणि आपल्या वर्गात मोजून दाखवलेले यांत किती अंतर असते, ते मला त्या वहीने कळले. दुसऱ्या दिवशी, कधी हात वर न करणारी एक मुलगी म्हणाली, “दोन्ही अर्ध्यापेक्षा कमी आहेत, पहिला एक अष्टमांशाने कमी आहे आणि दुसरा एक द्वादशांशाने, म्हणून दुसरा मोठा.” छेद समान करण्याची रीत मी फळ्यावर लिहायला घेतली होती, ती तशीच राहिली.

2015 च्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स अ‍ॅक्ट’ या संघीय कायद्याने प्रशिक्षणाची जी व्याख्या केली आहे, तीतच ते सातत्याचे, सखोल आणि प्रत्यक्ष कामात गुंफलेले असावे, सुटी एकदिवसीय कार्यशाळा नसावी, असे म्हटले आहे. त्याच वर्षी टीएनटीपी या संस्थेने तीन मोठे शालेय जिल्हे (सरकारी शाळा चालवणारी स्थानिक प्रशासने) आणि चार्टर शाळांचे एक जाळे यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिल्हे प्रशिक्षणावर दर शिक्षकामागे वर्षाला सुमारे 18,000 डॉलर खर्च करत होते आणि तरीही काही वर्षांत ठळक सुधारणा दिसली ती दहांपैकी साधारण तीन शिक्षकांत. चार्टर जाळ्यात हे प्रमाण दहांपैकी सातच्या आसपास होते. एका जाळ्यावरून सगळ्या चार्टर शाळांची पाठ थोपटणे मला पटत नाही, पण तिथे निरीक्षण आणि अभिप्राय हा रोजच्या कामाचा भाग होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. संशोधक मॅथ्यू क्राफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये 60 अभ्यास एकत्र करून असे मार्गदर्शन अध्यापन खरोखर सुधारते, हे दाखवले. त्याचबरोबर कार्यक्रमाचा पसारा वाढला की परिणाम उतरतो, हेही दाखवले. दुसऱ्या निष्कर्षाची चर्चा फारशी होत नाही, कारण पसारा वाढवणे हाच अनेकांचा व्यवसाय असतो.

चार्टर शाळांच्या बाबतीत खरी अडचण शिक्षकाच्या एक पायरी वर आहे. शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनी 1988 मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा त्यांच्या मनात शिक्षकांनीच नव्या पद्धती करून पाहण्याची जागा होती. मिनेसोटाने 1991 मध्ये पहिला कायदा केला आणि पुढच्याच वर्षी सेंट पॉलमध्ये पहिली शाळा उघडली. त्यानंतर या शाळांना स्वायत्तता मिळाली ती जबाबदारीच्या जोडीने. त्यामुळे स्वतंत्र चार्टर शाळेचा प्रमुख मुख्याध्यापकही असतो आणि जिल्ह्याच्या कार्यालयाने करायची कामेही त्याच्याच गळ्यात असतात: इमारतीचा भाडेकरार, संचालक मंडळाच्या बैठका, लेखापरीक्षण, बस, आणि निधी विद्यार्थ्यामागे येत असल्यामुळे पटसंख्येची चिंता. या सगळ्यांसाठी प्रशिक्षणे मिळतात आणि ती लागतातही. शिक्षकाशी पाठाबद्दल कसे बोलावे, हे मात्र चांगला शिक्षक बढतीबरोबर आपोआप शिकतो, असे गृहीत धरले जाते.

मी शिकले नव्हते. उपमुख्याध्यापक म्हणून एका नवख्या शिक्षिकेबरोबरच्या माझ्या पहिल्या बैठकीत मी तिला अकरा सूचना दिल्या. तिने सगळ्या नीट लिहून घेतल्या, आभार मानले आणि पुढच्या आठवड्यात पाठ जसाच्या तसा घेतला. मला तिचा राग आला, हे इथे कबूल केलेले बरे. माझ्या सुदैवाने त्या जुन्या मार्गदर्शक बाई पुढच्या बैठकीला कोपऱ्यात येऊन बसल्या. पुन्हा तीच वही, पुन्हा आकडे. वीस मिनिटांच्या बैठकीत मी सोळा मिनिटे बोलले होते.

तेव्हापासून बैठकीत एकच सूचना आणि उरलेला वेळ सराव, अशी पद्धत मी स्वीकारली. ती शिक्षिका रिकाम्या खुर्च्यांसमोर उभी राहून उद्याच्या पाठाची पहिली पाच मिनिटे घेई. सुरुवातीला दोघींनाही ओशाळल्यासारखे होई. तिसऱ्या खेपेला मुलांना द्यायची तिची सूचना गुळमुळीत झाली, ती मधेच थांबली आणि मी काही बोलायच्या आत तिने स्वतःच वाक्य बदलून पुन्हा सुरुवात केली.

मंगळवार आणि गुरुवारचे पहिले दोन तास मी वेळापत्रकात वर्गांसाठी राखून ठेवले आहेत. त्या वेळी येणारे फोन कार्यालयातले सहकारी घेतात. यंदा आमच्या सनदेचे नूतनीकरण आहे, आणि त्याच्या कागदपत्रांनी गुरुवारचे दोन तास केव्हाच गिळले. मंगळवार अजून शाबूत आहे.