मेरेकडचा तवंग

"मामा, टिलरचं डिझेल गळलंय रे!"

लावणी होऊन पंधराएक दिवस झाले होते. गोव्यात, डिचोलीतल्या आमच्या शेतात, मेरेच्या म्हणजे बांधाच्या कडेला पाणी जरा निवांत होतं तिथे निळा-जांभळा तवंग चमकत होता. मामाने वळूनही पाहिलं नाही. "बोट घाल त्यात."

घातलं. तवंगाचे कोनेदार तुकडे झाले, काच तडकावी तसे, आणि तुटलेलेच तरंगत राहिले. डिझेल असतं तर पुन्हा सांधलं असतं.

"लोखंड ते," मामा म्हणाला आणि तण उपटायला वाकला.

लोखंड म्हटलं की मला घराचा जांभ्याचा चिरा आठवतो. तोही लोखंडानेच लाल. पिढ्यान् पिढ्या पाऊस खाऊन तसूभर न हललेला. तेच लोखंड इथे पाण्यावर? पण शेतात पाणी तुंबलं की एक-दोन दिवसांतच चिखलातला प्राणवायू संपतो. मग तिथले जिवाणू श्वासासाठी मातीतल्या लोहाचा आधार घेतात, आणि घट्ट लाल लोह विरघळून पाण्यात उतरतं. म्हणून रुतलेला पाय उपसला की खालून राखाडी-निळसर चिखल वर येतो. लाल मातीने मुठीत आवळून धरलेला फॉस्फरसही तेव्हाच सुटतो. भाताला आयतंच फावतं. हे लोह वर येऊन हवेला लागलं की पुन्हा गंज. तवंग म्हणजे त्याचीच साय.

मामाने एक रोप उपटून धुतलं. जुनी मुळं नारिंगी, कोवळी टोकं तेवढी पांढरी. भात पानांतली हवा पोकळ देठांतून मुळापर्यंत पोचवतो. ती जराशी बाहेर झिरपते आणि लोह मुळाबाहेरच गंजून बसतं. दारातच चपला काढायला लावल्यासारखं! लोह फारच झालं तर मात्र हा बंदोबस्त पुरत नाही, पानांवर तांबूस ठिपके उठतात.

(खाणीवरून वाहून आलेल्या गाळाची गोष्ट वेगळी. २०१२मध्ये खाणी काही काळ थांबल्या, तरी मामा त्या गाळावर बोलायला बसला की ताटातला भात थंड होतो.)

घरी आलो तेव्हा पांढऱ्या बनियनवर तांबडे डाग. साबणाने हलेनात. आजीने परसातली चार आंबट बिंबलं चिरून डागांवर चोळली, बनियन उन्हात टाकली आणि म्हणाली, "उद्यापासून जुनी घालून जा."