रिकामी वाटी

काल सांजच्यापासून कशातच मन लागून नाही राहिलं. गोष्ट एवढीशी. परवा कढीत सगळं दही गेलं, विरजणापुरतं चमचाभर काढून ठेवायचं राहूनच गेलं, म्हणून वाटी घेऊन काकूकडे गेली. काकू दारातच उभी. म्हणे, "दिवे लागले न बाई, आता इरजण देत नसतेत." मी बरं म्हटलं न रिकामी वाटी घेऊन वापस आली.

रीत मला माहीत नाही काय? दिवेलागणीनंतर दूध-दही घराबाहेर देत नाहीत, आमच्याकडेही नाही देत. पण आमच्या दोघींत ती कधी आडवी आली नव्हती. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ वर उतरला होता, इकडे आर्वीकडेही पाण्यात हात घालवत नव्हता, माझं दही दोन दिवस लागलंच नाही, तेव्हा रात्री आठला कुंपणावरून वाटी हिनंच दिली होती, वरून सांगितलं होतं की दह्याचा गंज गव्हाच्या कोठीत ठेव. तिच्या म्हशीचं दही म्हणजे चमचा उभा राहावा असं. मग कालच काय झालं? संक्रांतीच्या वाणाचं काही लागलं का तिला? मी काही बोलून गेली का? एवढ्या वर्षांत मी तिला कशाला नाही म्हटलं नाही. रात्रभर हेच.

शेवटी मिरच्यांचं लावलं. दूध उकळून निववलं, बोट घातलं तर दहा मोजेपर्यंत सोसेल इतकं, म्हणजे ४०-४२ डिग्री असेल, त्याहून फार गरम राहिलं तर दही लावणारे जंतूच मरतात. पाच हिरव्या मिरच्या सोडल्या, देठ बुडतील अशा, कारण काम देठाचं असते. वरून गोधडी. दोनदा उठून पाहिलं, दूधच.

सकाळी नऊला गंज तिरका केला तर कडेनं निवळ सुटलेली न मधात थलथल हलणारं पांढरं. आमच्या गवळाऊ गाईचं दूध, म्हशीसारखं घट्ट कुठून होणार. मिरचीचा वास होता, आंबटपणा नव्हता धरला. पण लागलं! इतकं बरं वाटलं मला.

देठ काढता काढता एकदम आठवलं, काल काकूच्या तुळशीपाशी दिवा कुठं होता? अंगणात चांगला उजेड होता, वाटीवरचं कोरलेलं नाव दिसत होतं मला. आणि आठ दिवस झाले पहाटे तिकडून बादलीचा आवाज नाही. रिकामं दावं खुंटीला टांगलेलं मी स्वतः पाहिलं होतं, वेचणीच्या घाईत विचारलंसुद्धा नाही. ह्या वर्षी त्यांच्या कापसाचं काय झालं ते तर...

आणि मी रात्रभर माझंच काय चुकलं करत बसली. घरात दही नाही हे तिला मला सांगता नाही आलं. मला!

मिरचीच्या दह्याचं विरजण घालून आता मोठ्या गंजात परत लावलंय, दुसऱ्या खेपेला चव धरते. नीट लागलं तर उद्या भर दुपारी नेऊन देईन. काय म्हणून द्यायचं ते सुचून नाही राहिलं. मिरचीचं लावलंय, जमलं का सांग, असंच म्हणीन बहुतेक.