नरक्या आणि मावशीचा काढा

आज दिवसभर एमटीटी टेस्ट, म्हणजे पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून बघायचं. ९६ खळग्यांची प्लेट, त्यात हेला पेशी (लॅबमध्ये वाढवतात त्या कॅन्सरच्या पेशी), वरून नरक्या या सह्याद्रीतल्या झाडाच्या सालीचा अर्क. जिवंत पेशी एमटीटी हे पिवळं रसायन जांभळं करतात, पण जास्त डोसच्या ओळी पार फिकट, म्हणजे पेशी मेल्या, भारी वाटलं! मग बघते तर नॉर्मल पेशीपण गेल्या की, आणि तसंही प्लेटमध्ये काय, फिनाईलनेपण कॅन्सर मरतो 😄 तेवढ्यात मावशीचा फोन, "मग काढा करून पिऊ का गं?" अगं नको! नरक्यातलं कॅम्प्टोथेसिन हे रसायन १९६६ ला आधी एका चिनी झाडात सापडलं, फार विषारी निघालं, मग त्यात बदल करून टोपोटेकान, इरिनोटेकान ही कॅन्सरची औषधं अमेरिकेत मंजूर व्हायला १९९६ उजाडलं. आणि इकडे सह्याद्रीत त्याच कॅम्प्टोथेसिनसाठी नरक्याची चोरून तोड चालूच.