चार कार्यक्रम, एकच लाइट मांडणी: ठाण्यातल्या वसंत महोत्सवाची प्रगती-नोंद

पाडव्यानंतरच्या शनिवारी ठाण्यात तळ्याकाठच्या खुल्या मंचावर वसंत महोत्सवाची पहिली संध्याकाळ आहे. तिच्या प्रकाशयोजनेचं काम कुठवर आलंय ते इथे लिहून ठेवतोय. टॉवर उभे झालेत, केबल टाकून झाली, डीएमएक्सचं (दिव्यांना हुकूम पाठवायची डिजिटल पद्धत) पॅचिंग, म्हणजे कुठल्या दिव्याला कुठला नंबर हे ठरवणं, पूर्ण आहे. फोकस (दिव्यांची दिशा लावणं) आणि क्यू (लाइट बदलण्याच्या ठरलेल्या जागा) बाकी आहेत. हौशी गटांपैकी कुणाला असंच काम करायचं असेल तर आकडे जसेच्या तसे उचलता येतील.

कार्यक्रम असे: ६.३० नाट्यपदं, ७.२५ कथक, ८.१० एकांकिका, ९.०० गोंधळ आणि भारूड. ९.४५ ला शेवट. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, त्यामुळे वर पंधरा मिनिटांचीच सवड आहे. दोन कार्यक्रमांच्या मध्ये दहा-दहा मिनिटं. एवढ्या वेळात कुणी शिडी लावून दिवा फिरवू म्हणालं तर ते होणार नाही. एकदा लावलेला दिवा रात्रभर हलवायचा नाही हे आधी ठरवलं. बाकीचे सगळे निर्णय त्यातूनच निघाले.

क्रमही लाइटच्या आणि फरशीच्या सोयीने लावून घेतलाय. ठाण्यात मार्चअखेर सूर्य सातला काही मिनिटं असताना मावळतो आणि सव्वासातपर्यंत आकाशात उजेड राहतो. त्या उजेडात रंगीत लाइट दिसतच नाहीत. नाट्यपदांना लाइटचे बदल लागत नाहीत, म्हणून ती पहिली. गोंधळात दिवटी पेटते आणि तेल मंचावर गळतं. त्या प्लायवर नंतर कथक ठेवलं तर पहिल्याच चक्करला पाय घसरेल. म्हणून गोंधळ शेवटी, आणि तरीही दिवटीखाली वाळू घातलेली परात ठेवायची.

मंच ३० फूट रुंद, २० फूट खोल आणि ३ फूट उंच आहे. तोंड उत्तरेला आहे हे फार बरं झालं. मार्चच्या शेवटी सूर्य जवळपास नेमका पश्चिमेला मावळतो. मंच पश्चिमाभिमुख असता तर गायकाच्या डोळ्यांत ऊन आलं असतं, पूर्वाभिमुख असता तर प्रेक्षकांच्या.

समोरचे दिवे

दिव्याची उंची ठरवताना अंतराइतकाच कोन महत्त्वाचा. टॉवर जमिनीपासून २० फूट. मंचाचे ३ आणि चेहऱ्यापर्यंतचे साडेपाच मिळून साडेआठ फूट वजा केले की दिवा चेहऱ्यापेक्षा साडेअकरा फूट वर येतो. नट मंचाच्या कडेपासून ६ फूट आत उभा आणि टॉवर कडेच्या १० फूट पुढे, म्हणजे आडवं अंतर १६ फूट. कोन साधारण ३५ अंश. मांडववाले बऱ्याचदा १६ फुटी खांब २५ फूट लांब लावून देतात. त्यात कोन १७ अंशांच्या आसपास येतो, चेहरा सपाट दिसतो, नटाचे डोळे दिपतात आणि त्याची सावली मागच्या पडद्यावर पूर्ण उंचीची पडते. टॉवर मध्यभागी नकोत. ते प्रेक्षकांच्या दोन्ही कडांना उभे केलेत.

मंचाचे १० बाय १० फुटांचे सहा भाग केले: पुढे तीन, मागे तीन. पुढच्या प्रत्येक भागाला दोन्ही बाजूंनी एकेक असे एकूण सहा पार ६४ (हॅलोजनचे नळकांड्यासारखे दिवे), प्रत्येकी १००० वॉट, रुंद झोताचा सीपी ६२ दिवा. या दिव्याचा झोत लंबगोल असतो. मागचं झाकण काढून दिवा आतल्या आत फिरवला की लंबगोल आडवा होतो. आमच्या मांडणीत तो आडवाच हवा, नाहीतर शेजारच्या दोन भागांमध्ये काळी फट राहते आणि नेमका तिथेच कुणीतरी वाक्य म्हणायला थांबतो. मागच्या तीन भागांना वरच्या ट्रसवरून (जाळीदार आडव्या तुळईवरून) चार फ्रेनेल (मऊ कडांचा झोत देणारे हॅलोजन दिवे): मधल्याला दोन, कोपऱ्यांना एकेक. एकाच बाजूचा दिवा असल्यामुळे मागच्या कोपऱ्यात चेहऱ्याची अर्धी बाजू अंधारात जाते. एकांकिकेच्या दिग्दर्शकाला हे तालमीतच सांगितलंय, म्हणजे महत्त्वाचं वाक्य तिथे येणार नाही.

जिलेटिन (दिव्यासमोर लावायचा रंगीत पारदर्शक कागद) दोनच: समोर फिकट अंबर, आणि दोन पारना अगदी फिकट गुलाबी. पार ६४ च्या चौकटीसाठी १० बाय १० इंचाचे तुकडे कापायचे, प्रत्येकाचा एक जादा. गडद निळं जिलेटिन १००० वॉटच्या दिव्यावर लावू नका. ते जवळजवळ सगळा उजेड अडवतं, अडवलेला उजेड उष्णता होऊन त्याच कागदात राहतो, आणि तासाभरातच मधोमध पांढरा डाग पडायला लागतो. निळा पूर्णपणे एलईडीवर सोपवलाय.

वीज आणि केबल

चुकलं तर सगळ्यात महाग पडणारा भाग हाच, म्हणून सविस्तर. सहा पार म्हणजे ६००० वॉट. २३० व्होल्टवर २६ अँपिअर. तो एक फेज. चार फ्रेनेल आणि बारा एलईडी मिळून सुमारे ५८०० वॉट, साधारण २५ अँपिअर. तो दुसरा. तिसऱ्या फेजवर फक्त साउंड, ३ किलोवॉट धरलंय. एकूण १५ किलोवॉटच्या आत. २५ केव्हीएचा जनरेटर ०.८ पॉवर फॅक्टरने २० किलोवॉट देतो, म्हणजे सगळं एकदम लागलं तरी तो पाऊण क्षमतेवर राहील.

डिमर (दिव्याचा उजेड कमीजास्त करणारं यंत्र) आणि साउंड एकाच फेजवर टाकले की स्पीकरमधून गुणगुण येते, आणि ती तंबोऱ्याच्या मागे नेमकी ऐकू येते. डिमर विजेची लाट मधेच कापतो, त्यातून ही भानगड होते. दिवा १०० टक्क्यांवर असताना गुणगुण कमी, ५० च्या आसपास सर्वाधिक. म्हणून चाचणी ५० वरच घ्यायची.

केबल साडेतीन कोअरची घेऊ नका. तिच्यात न्यूट्रलची तार फेजच्या निम्म्या जाडीची असते. साध्या भारात तीन फेजचे प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना बरेचसे मारतात, पण डिमरने कापलेल्या लाटांचे काही घटक उलट एकमेकांत मिळतात. बारीक न्यूट्रल तापते, जोड सैल होतो. आणि न्यूट्रल सुटली की ज्या फेजवर भार कमी तिथला दाब २३० वरून कितीतरी वर उडतो. आमच्या मांडणीत कमी भार साउंडच्या फेजवर आहे, म्हणजे पहिला फटका मिक्सरला बसणार. तेव्हा पूर्ण जाडीची न्यूट्रल, स्वतंत्र अर्थ, आणि जनरेटर सुरू झाल्यावर काही जोडण्याआधी तिन्ही फेज मल्टीमीटरने मोजणं, यात सूट नाही.

प्रत्येक फेजला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावलाय. सगळ्यांना मिळून एकच लावला तर एका ओलसर जोडामुळे अख्खा मंच काळोखात जातो. अवकाळी सरीचा भरवसा नाही म्हणून डिमर लाकडी पॅलेटवर जमिनीपासून फूटभर वर ठेवलेत, आणि प्रत्येक केबल दिव्यात शिरण्याआधी खाली झोळ देऊन बांधलीय, म्हणजे पाणी झोळातून गळून जाईल. पार किंवा फ्रेनेलवर प्लॅस्टिकची पिशवी बांधणारे दिसतात. ती वितळून तापलेल्या धातूवर चिकटते. पाऊस आला तर हॅलोजन बंद करा.

डीएमएक्स

डिमरचे दोन सहा-चॅनेल पॅक १ ते १२ या पत्त्यांवर. दहा दिव्यांना दहा, दोन चॅनेल एकांकिकेतल्या टेबललॅम्पसारख्या वस्तूंसाठी मोकळे. बारा एलईडी पार सात चॅनेलच्या मोडवर, पत्ते २१ पासून: २१, २८, ३५ असे, शेवटचा ९८. यातला एखादा चुकून चार चॅनेलच्या मोडवर राहिला की तो स्ट्रोबच्या (लुकलुकण्याच्या) चॅनेलला रंग समजतो आणि मधेच हिरवा होतो. पत्ता बरोबर असूनही रंग वेडेवाकडे येत असतील तर आधी मोड बघा.

माइकची केबल डीएमएक्सला वापरू नये. छोट्या अंतरात चालून जाते, अंतर वाढलं की दिवे लुकलुकतात. साखळीच्या शेवटच्या दिव्यात २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर जोडलेला प्लग लावायचा. तो नसेल तर संदेश टोकावरून उलटा फिरतो. काही रुपयांचा हा प्लग, पण त्याच्याशिवाय रात्र काढू नका.

कार्यक्रमांप्रमाणे

नाट्यपदं: पं. राम मराठे ठाण्याचे, त्यांच्या नावाने महापालिका संगीत महोत्सव भरवते. या शहरात नाट्यसंगीताला जाणता श्रोता येतो, आणि त्याला ऑर्गनवरची बोटं आणि गायकाचा चेहरा नीट दिसायला हवा. समोरचे पार ७० टक्क्यांवर, बदल नाही. एक गोष्ट मात्र सांभाळायची: तबल्यावर हॅलोजनचा थेट झोत नको. उष्णतेने पुडी ताणते आणि स्वर चढतो. उलट तळ्याकाठच्या दमट हवेत ती सैल पडते. दर पदानंतर हातोडी घ्यावी लागू नये म्हणून वादकांवर दोन एलईडीच ठेवलेत.

कथक: इथे समोरचा उजेड ३० टक्क्यांवर आणून बाजूंवर भर. दोन्ही विंगांत उभ्या पाइपवर दीड, चार आणि सात फुटांवर एकेक एलईडी, एकूण सहा. खालचा पावलांसाठी, मधला हस्तक आणि कमरेसाठी, वरचा खांदे-चेहऱ्यासाठी. दीड फुटावरचा दिवा किंचित वर कलवला तर त्याचा झोत फरशीवर सांडत नाही. चक्कर घेताना नर्तिका समोरचा एक बिंदू नजरेने धरून ठेवते, म्हणून त्या वेळी एकही क्यू नाही, फिरता दिवा तर नाहीच. जमीन १९ मिलिमीटरच्या प्लायची, खिळ्यांची डोकी आत ठोकून, जोडांवर टेप. वर गालिचा टाकायचा नाही. तत्कार (पायांनी वाजवलेले बोल) त्यात बुडते. संपल्यावर केरसुणी फिरवायची, कारण सुटलेले घुंगरू पडून राहतात आणि पुढची मंडळी अनवाणी असतात.

एकांकिका: गडकरी रंगायतन किंवा घाणेकरसारख्या ठाण्यातल्या बंद नाट्यगृहांमध्ये ब्लॅकआउट म्हटलं की काळोख होतो. इथे रस्त्याचे दिवे आहेत, ते विझत नाहीत. म्हणून संहितेतले सगळे ब्लॅकआउट काढून क्रॉसफेड (एक उजेड उतरतानाच दुसरा चढवणं) केले: मागचे चार एलईडी निळे १० टक्क्यांवर, पुढचं सगळं जवळपास शून्य, आणि नट काळ्या आकृतीसारखे चालत जातात. हॅलोजनची तार विझतानाही क्षणभर तेवत राहते, एलईडी झटक्यात मरतो. दोन्ही एकत्र उतरताना दिसावेत म्हणून एलईडीचा फेड एक सेकंद जास्त ठेवायचा. हॅलोजन ५ टक्क्यांवर तेवत ठेवले तर गार तारेवर एकदम दाब येऊन दिवा जाण्याचा धोका कमी होतो. नेपथ्यात आठ बाय चार फुटांचे फ्लॅट (भिंतीसारख्या उभ्या बंद चौकटी) नाहीत. बत्तीस चौरस फुटांचा फ्लॅट वाऱ्यात शिडासारखा ओढला जातो. लेव्हल (चौथरे) आणि जाळीच्या चौकटी, प्रत्येक चौकटीच्या पायावर २० किलोची वाळूची पिशवी.

गोंधळ: दिवटीची ज्योत दिसायची असेल तर बाकीचा उजेड २० टक्क्यांच्या वर नको. संबळ आणि तुणतुणं वाजवणाऱ्यांवर फिकट अंबर, बस. दिवटी फिरते त्या भागात नायलॉनचं कापड, कृत्रिम फुलांच्या माळा काही नाही. विंगेत वाळूच्या दोन बादल्या आणि ओलं गोणपाट. भारुडाला उजेड परत ८० वर, कारण तिथे सोंगाचा चेहराच सगळं बोलतो.

बाकी कामं

मोबाइलच्या चित्रणात एलईडीखाली आडव्या पट्ट्या येतात का हे बघायचंय. कॅमेऱ्याचा शटर १/५० वर ठेवून पहिली चाचणी. प्रत्येक दिव्याला कड्याशिवाय वेगळी सेफ्टी चेन लावायची आहे, चार राहिल्यात. फोकस अंधार पडल्यावरच होतो, त्यामुळे शुक्रवारी ७.१५ नंतर, आणि तेव्हा मंचावर दिव्याखाली उभं राहायला साडेपाच फुटांच्या आसपासचं कुणीतरी हवं. क्यूची यादी आत्ता बावीसवर आहे. एकांकिकेतले सहा कमी होतील असं वाटतं.