ऋतूंनुसार छापे: आमच्या व्यवसायाची वाटचाल

स्टोल, ओढण्या, बटवे आणि खांद्यावरच्या कापडी पिशव्या तयार करून विकण्याचा आमचा व्यवसाय सदाशिव पेठेतील राहत्या घराच्या तळमजल्यावर सुरू झाला, तेव्हा मी आणि माझी नणंद अशा दोघीच त्यात होतो. रविवार पेठेतून ताके आणायचे, घरी बेतून कापायचे, शिवणकाम करणाऱ्या बायकांकडे सोपवायचे आणि तयार माल तुळशीबागेतील ओळखीच्या दुकानदारांकडे ठेवायचा, एवढाच तेव्हाचा व्याप होता. पुढे राजस्थानातील बगरू आणि सांगानेर येथील कारागिरांकडून कापडावर आमच्या पसंतीचे छापे करून घेऊ लागलो. कोणता छापा कोणत्या महिन्यात विकायला ठेवायचा, हे ठरवणे तेव्हापासून आमच्या कामाचा सर्वांत मोठा भाग झाले.

फॅशनचे जागतिक वेळापत्रक दोन हंगामांचे आहे. पॅरिस आणि मिलान येथे फेब्रुवारी-मार्चमध्ये येत्या हिवाळ्याचे कपडे दाखवले जातात, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याचे. पॅन्टोन ही संस्था दर डिसेंबरमध्ये वर्षाचा रंग जाहीर करते. 2024 साठी तो पीच फझ होता आणि 2025 साठी मोका मूस. हे सारे आम्ही बारकाईने पाहतो, आणि रंगांच्या छटा व नक्षीचा आकार ठरवताना त्याचा उपयोगही होतो. मोका मूसचा तपकिरी बगरूच्या कापडाच्या मळकट पांढऱ्या जमिनीवर, म्हणजे छाप्यामागच्या मूळ रंगावर, सहज शोभला. पण विक्रीची वेळ मात्र पुण्यात पंचांगच ठरवते, असे माझे ठाम मत आहे.

जानेवारीत संक्रांतीला येथे काळा रंग लागतो. चंद्रकळा नेसणाऱ्या आजीची नात काळ्या मलमलीवर पांढरी बुट्टी, म्हणजे लहान सुटी नक्षी, असलेला स्टोल आवडीने घेते, आणि तोच स्टोल पाडव्याला तिला नको असतो. चैत्रात खणाला मागणी असते. खण हे बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्डचे नक्षीसह विणलेले कापड असल्याने त्यावर छाप्याला जागा नाही. म्हणून आम्ही खणाचे बटवे करतो आणि आत छापील अस्तर लावतो. वैशाखाच्या उन्हात सांगानेरी छापा चालतो, कारण पांढऱ्या जमिनीवरची बारीक फुले डोळ्यांना निववतात. आषाढात लक्ष्मी रस्त्यावर सेल लागतात, तेव्हा नवे काही काढण्यात अर्थ नसतो. श्रावणात मंगळागौरीसाठी हिरव्या रंगाची विचारणा सुरू होते.

नवरात्राचा विषय वेगळा आहे. एका मराठी दैनिकाने रुजवलेली नऊ रंगांची प्रथा आता कार्यालये, बँका आणि लोकलपर्यंत पोहोचली आहे, आणि त्या नऊ दिवसांत स्त्रियांना एकरंगी दिसणारे कापड हवे असते, म्हणजे छापील माल करणाऱ्याची खरी कसोटी लागते. त्यावर आम्ही काढलेला मार्ग असा, की जमिनीचाच रंग एक-दोन छटांनी गडद करून त्याच रंगात बुट्टी छापायची. दुरून स्टोल एकरंगी दिसतो आणि जवळून नक्षी उमटते. शिवाय यातील बहुतेक रंग वारांशी बांधलेले आहेत: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा, शनिवारी करडा. दरवर्षी क्रम बदलतो, पण हे रंग तेच राहतात. त्यामुळे वारांच्या रंगांचा माल आम्ही यादी जाहीर होण्याची वाट न पाहता छापून घेतो.

खरी ओढाताण पावसाची आहे. बगरूच्या दाबू छपाईत माती, चुना, डिंक आणि गव्हाचा भुसा यांच्या लगद्याने नक्षी झाकतात, वर लाकडाचा भुसा भुरभुरवून ती वाळवतात आणि मग कापड निळीत बुडवतात. प्रत्येक टप्प्याला कडक ऊन लागते, म्हणून पावसाळ्यात हे काम रेंगाळते. आणि आमची सर्वांत मोठी विक्री गणपतीपासून दिवाळीपर्यंतची. त्यातच तिथी सरकतात. 2023 मध्ये अधिक श्रावण आल्याने गणेश चतुर्थी 19 सप्टेंबरला होती, 2024 मध्ये ती 7 सप्टेंबरला आली आणि 2025 मध्ये 27 ऑगस्टला. तीन आठवड्यांहून अधिक असा हा फरक लहान व्यवसायाला फार मोठा असतो, कारण छापील कापड हाती आल्यावरच बेतणे, शिवणे आणि धुऊन पाहणे सुरू होते.

छापा निवडताना वस्तूचा विचार आधी करावा लागतो. स्टोलला चुण्या पडतात, म्हणून त्यावर मोठा बुट्टा आणि मोकळी जमीन शोभते. तोच बुट्टा बटव्यावर अर्धवट कापला जातो, तेथे बारीक बुट्टी किंवा कापडभर पसरलेली जाळीदार नक्षीच हवी. कोयरीला वरची-खालची बाजू असते. पिशवी तळाशी घडी घालून एकाच तुकड्यात कापली, की मागच्या बाजूची कोयरी उलटी दिसते, आणि दोन तुकडे जोडले तर कापड जास्त लागते. ख्रिस्तियन दिओर यांनी 1947 मधील आपल्या पहिल्या संग्रहात वापरलेली बिबट्याची नक्षी पुन्हा पुन्हा फॅशनमध्ये येते. आम्ही ती फक्त बटव्यांपुरती ठेवतो, कारण पुण्यात ओढणीवर ती फारशी कोणी मागत नाही.

कच्छच्या अजरख या ठशांच्या छपाईसारखा दिसणारा स्क्रीन किंवा डिजिटल छपाईचा माल बाजारात स्वस्तात मिळतो. असा माल विकण्यात काही गैर नाही, परंतु तो हाताच्या ठशांचा म्हणून विकणे मला मान्य नाही. त्यामुळे आमच्या प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर छपाईची पद्धत आणि गाव लिहिलेले असते, आणि स्क्रीनचा माल असेल तर तसेही स्पष्ट लिहिलेले असते.

2026 मध्ये अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून असा आहे. त्या महिन्यात लग्ने नसल्याने भेटीदाखल जाणारे स्टोल कमी लागतील, मात्र लेकी-जावयांना द्यायच्या वाणासाठी बटव्यांना मागणी येईल. गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला असली, तरी दाबूचे कापड पाऊस सुरू होण्यापूर्वीच बगरूहून निघावे, असे कारागिरांशी ठरले आहे. हिरव्या आणि पिवळ्या जमिनीचे ताके त्यात पहिले आहेत.